मेळघाटात भर उन्हात दिसलेलं घुबड, रानपिंगळाच असेल का?

सागवान:
परवा मेळघाटात होतो, सकाळचे साडेनऊ वाजले असतील, चांगलं ऊन होतं आणि सागाच्या पार उघड्या फांदीवर एक छोटं घुबड आरामात बसलेलं. गाईडदादा म्हणाले रानपिंगळा, माझा मित्र म्हणतो साधा पिंगळाच, तोही दिवसा दिसतो. कसं ओळखायचं? आणि एवढं जंगल असून हा इतका दुर्मीळ का?

तांबट:
मित्राचं बरोबर आहे, वेळेवरून ठरवू नका. डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं जवळजवळ कोरं असतं. छाती गडद तपकिरी, खाली पोट पांढरंशुभ्र आणि पायांवर भरपूर पिसं. सावज दिसलं की शेपूट झटाझट डावी-उजवीकडे हलवतो.

जुनीपानं:
याची गोष्ट वाचाच. १८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने नाव दिलं आणि १८८४ नंतर हा पक्षी गायबच झाला. मधे मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ चा गुजरातमधला नमुना म्हणून एक दाखवला होता, तो निघाला म्युझियममधून चोरून लेबल बदललेला जुनाच पक्षी! अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी पकडली, मग तो खोटा पत्ता सोडून जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला. ११३ वर्षांनी. मला अजूनही हे वाचताना काटा येतो.

तापीकाठ:
मी नंदुरबारचा. दुर्मीळ का, तर याला घनदाट जंगल नको असतं, विरळ सागाचं पानझडी रान लागतं, खाली सरडे-उंदीर दिसतील असं, आणि वर सुतारपक्ष्याने कोरलेली ढोली असलेलं जुनं झाड. नेमकं असंच रान नांगराखाली आणि कुऱ्हाडीखाली आधी जातं. आमच्या तळोद्याचं बरंच जंगल सरदार सरोवराच्या विस्थापितांना द्यावं लागलं, त्या माणसांनाही जमीन हवीच होती, त्यांना दोष कसा देणार, पण ढोलीची झाडं गेली ती गेलीच. नवीन रोपं लावून ढोली मिळायला कित्येक वर्षं जातात हो. त्यात शेतातलं उंदरांचं विष, आणि अंधश्रद्धेपायी घुबडं मारणारे अजून आहेत.

तांबट:
आणि २०१८ ला धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (IUCN) याला 'अतिसंकटग्रस्त' मधून 'संकटग्रस्त' मध्ये आणलं म्हणून पक्षी वाढले असं समजू नका. मेळघाट, खांडवा, २०१४ ला तर मुंबईजवळ तानसा, अशा जास्त जागी सापडला म्हणून.

सागवान:
फोटो झूम केला, डोकं कोरं आहे आणि पोट पांढरं!! रानपिंगळाच. नक्की कुठे दिसला ते इथे टाकू का?

तापीकाठ:
नका टाकू भाऊ. शेजारी ढोली असेल तर गर्दी होईल, कोणीतरी मोबाईलवर आवाज वाजवून त्याला हैराण करेल. बीटच्या वनरक्षकाला तेवढं कळवा.

सागवान:
कळवलं. ते झाड त्यांना माहीत आहे म्हणाले, त्यावर लक्ष ठेवून आहेत.