यंत्रमागावर पिझो + लोरा सेन्सर: बॅटरी नको की हवीच?

अक्कलकोट_रोड
एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे २४ माग आहेत. साधे धोट्याचे, मिनिटाला १३० पिकांच्या (धोट्याच्या फेकींच्या) आसपास. कुठला माग चालू आणि कुठला बंद, एवढंच ३०० मीटरवरच्या ऑफिसात दिसायला हवं. २७ मिमीची पितळी पिझो चकती (हादऱ्याने वीज देणारी) आणि लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) घ्यायचा विचार आहे. हादऱ्यावरच वीज काढून बॅटरी टाळता येईल का?

नॅनोअँप
टाळू नका. १२ बाइटचा संदेश एसएफ७ (स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा वाढला की पल्ला वाढतो, पण संदेश जास्त वेळ घेतो), १२५ किलोहर्ट्झला ४१ मिलिसेकंद हवेत असतो. ४५ मिलिअँप आणि ३.३ व्होल्ट धरले तर संदेशाला ६ मिलिज्यूल लागतात. चकतीतून निव्वळ १० मायक्रोवॅट हाती आले असं धरलं, तरी एवढं साठायला १० मिनिटं जातील. शिवाय माग थांबला की वीजही थांबणार, आणि तुम्हाला तर नेमकी थांबल्याचीच बातमी हवी आहे. पिझो फक्त सेन्सर म्हणून ठेवा.

चकतीला समांतर १० मेगओहम, पुढे टीएलव्ही३६९१ कंपॅरेटर (व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर गेलं की पल्स देणारी चिप, ७५ नॅनोअँप), आणि त्याचे पल्स एसटीएम३२डब्ल्यूएलच्या (लोरा रेडिओ आतच असलेला मायक्रोकंट्रोलर) एलपीटिम१ या टायमरवर मोजा. स्टॉप २ या झोपेच्या अवस्थेतही तो मोजत राहतो. ५ सेकंद पल्स नाही म्हणजे माग बंद.

विजापूर_वेस
रचना बरोबर आहे, पण १० मेगओहम इथे नको. चकती साधारण २० नॅनोफॅरडची असते, त्यामुळे १ मेगओहमला ८ हर्ट्झखालचं कापलं जातं, आणि ते कापलेलंच बरं. धोट्याचा फटका कडक असतो, त्यात वरच्या वारंवारता भरपूर असतात. शेडमध्ये रुई उडते. ती बोर्डावर बसून दमट झाली की १० मेगओहमच्या जागी गळती सुरू होते आणि कंपॅरेटरची पातळी सरकते. १ मेगओहम लावला तरी सोल्डरचा फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवा आणि वर कोटिंग मारा.

जोराच्या फटक्याला चकती दहा-वीस व्होल्टही देते. मालिकेत १०० किलोओहम आणि क्लॅम्पला (जादा व्होल्टेज अडवायला) कमी गळतीचा डायोड बीएव्ही१९९ ठेवा. बीएटी५४ सारखा शॉट्की नको, सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली त्याची गळती फार वाढते.

नॅनोअँप
मान्य, १ मेगओहमच घ्या.

बॅटरी ईआर१४५०५ (एए आकाराचा लिथियम सेल), ३.६ व्होल्ट. झोपेत एकूण २ मायक्रोअँप आणि दर १५ मिनिटांनी एक संदेश, तर दिवसाला जेमतेम ०.१ मिलिअँप-तास जातो. हाच संदेश एसएफ१२ ला ११५५ मिलिसेकंद घेतो आणि रोजचा खर्च १.४ मिलिअँप-तासाच्या वर जातो. म्हणून ३०० मीटरसाठी आधी एसएफ७ च तपासा.

या सेलची खोड म्हणजे पॅसिव्हेशन, म्हणजे आत लिथियमवर रोध वाढवणारा थर जमणं. बराच वेळ पडून राहिल्यावर पहिल्याच झटक्याला व्होल्टेज कोसळतं आणि मॉड्यूल रीसेट होतं. म्हणून कपॅसिटर हवा: ०.३ व्होल्टच्या घसरणीत एक संदेश बसवायला ६ मिलिफॅरड लागतात, ४७० मायक्रोफॅरडने भागणार नाही. नाण्याच्या आकाराचा ५.५ व्होल्टचा सुपरकॅप घेऊ नका. त्याचा अंतर्गत रोध ५० ओहम असला तर ४५ मिलिअँपला २ व्होल्टहून जास्त तिथेच पडतात. सेलला समांतर एचएलसी (हायब्रिड लेयर कपॅसिटर) जातीचा कपॅसिटर लावा.

अक्कलकोट_रोड
माग एकमेकांना खेटून आहेत. शेजारच्याच्या हादऱ्याने बंद माग चालू दिसणार नाही का?

विजापूर_वेस
दिसेल, म्हणून पातळी टेबलावर ठरवू नका. तुमचा माग बंद आणि दोन्ही बाजूंचे चालू, अशा स्थितीत चकतीचं शिखर मोजा आणि पातळी त्याच्या दुप्पट ठेवा. चकती पिकिंगच्या बाजूला, धोटापेटीजवळच्या ओतीव चौकटीवर लावा. रंग खरवडून एपॉक्सीचा पातळ थर द्या. फोमची दुहेरी टेप फटका गिळते. चांदीच्या बाजूला सोल्डर एका सेकंदात उरका, नाहीतर थर सुटतो.

आणखी एक, लाईट गेली की २४ माग एकदम थांबतात आणि सगळे नोड (मागांवरचे सेन्सर) एकाच क्षणी संदेश पाठवतात. थांबल्याच्या संदेशाला ० ते २० सेकंदांचा यादृच्छिक उशीर द्या आणि तो दोनदा पाठवा. वारंवारता ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्येच ठेवा. अँटेना म्हणून पाव तरंगाची तार ८.६ सेंमी भरते, ती मागाच्या लोखंडाला चिकटवू नका, निदान तेवढीच दूर धरा. गेटवेचा (संदेश घेणाऱ्या यंत्राचा) अँटेना पत्र्याच्या वर, बाहेर.