गडकरी: बेळगाव-खानापूर-निपाणीकडून बघितलं तर जमेचं काय, उणं काय, पुढं काय?

खानापूर_लोंढा
नमस्कार मंडळी. नितीन गडकरींचा विषय निघाला की आपल्याकडं दोनच सूर लागतात. एक "रोडकरी" म्हणून डोक्यावर घेतो, दुसरा "नुसत्या घोषणा" म्हणून मोडीत काढतो. पक्ष बाजूला ठेवून कुणी नीट सांगेल काय? माणसाची ताकद कशात, कच्चे दुवे कुठले आणि 2029 पर्यंत अडचणी कसल्या?

शिवार_शहापूर
ताकद आधी. 1995 ते 99 युती सरकारात बांधकाम मंत्री असताना मुंबईतले उड्डाणपूल आणि पुणे एक्स्प्रेसवे उभे करताना बाजारातून पैसा कसा काढायचा, हे त्यांनी शिकून घेतलं. दिल्लीत तेच मोठ्या मापात केलं. 2016 पासूनचं हॅम (हायब्रिड अ‍ॅन्युइटी) मॉडेल बघा: 40 टक्के रक्कम सरकार काम चालू असताना हप्त्यानं देतं, उरलेली 60 टक्के कंत्राटदार आधी घालतो आणि पुढं 15 वर्षांत हप्त्यानं वसूल करतो. त्याआधी टोलच्या भरवशावर काम घेतलेल्या कंपन्या बुडाल्या होत्या. हॅममुळं गाडं पुन्हा चालू झालं, हे मान्य करायलाच पाहिजे.

आकडे मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. 2014 ला राष्ट्रीय महामार्ग 91 हजार किमी होते, आता 1 लाख 46 हजार. यातला मोठा भाग म्हणजे आधीच्याच राज्य रस्त्यांना मिळालेला नवा नंबर. "बांधले" म्हणतात त्यात रुंदीकरणही धरलेलं असतं. 2020-21 ला 13,327 किमी झाले, 2024-25 ला साडेदहा हजारांच्या आसपास.

कच्चा दुवा जमिनीत. नागपुरात घोषणा होते, जमीन घेतं डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस. राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या कलमांचा क्रम असा: 3ए ची अधिसूचना, 21 दिवसांत हरकती, वर्षाच्या आत 3डी. 3डी झाली की जमीन सरकारची. मग 3जी चा निवाडा. गडबड कुठं होते? लोक हरकतीच्या वेळी दराबद्दल भांडतात, पण तिथं दर ठरतच नाही. दर ठरतो 3जी ला, तोही आजूबाजूच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून. आपण मुद्रांक वाचवायला खतात रक्कम कमी दाखवतो, तीच मग अंगावर येते. बोअर, विहीर, झाडं मोजणीच्या दिवशी पंचनाम्यात लागली नाहीत तर विसरा.

हलगा-मच्छे बायपास याच कात्रीत सापडला. भातानंतर मसूर, वाटाणा देणारी जमीन, त्यात झिरो पॉईंट, म्हणजे बायपास जिथून सुरू होतो ती जागा, नेमका कुठला यावरच दावा. पोलीस उभे करून जेसीबी घातले तरी काम वारंवार अडलं. मंत्र्याच्या वेगाला इथं काही किंमत नाही.

ऊसपट्टा_चिकोडी
इथेनॉलचं विसरलात की. आपल्याकडं त्यांचं खरं वजन कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायचं ठरलं होतं 2030 ला, ते 2025 लाच आलं. पण इथेनॉलचा दर ठरवतं केंद्रीय मंत्रिमंडळ, खरेदी करतात तेल कंपन्या, साखर बघतं अन्न खातं. रस्ते खात्याच्या हातात यातलं काहीच नाही. 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली तेव्हा आसवनीवर कर्ज काढलेले कारखाने हबकले. गडकरी सभेत सांगतात ते आणि सरकारी आदेश एकच, असं धरून कुणी कर्ज काढू नये.

2025 ला ई-20 (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) मुळं मायलेज घटतं म्हणून गाडीवाले खवळले. त्यातच गडकरींच्या मुलांच्या इथेनॉल कंपन्यांवरून विरोधकांनी आरोप केले. त्यांनी ते फेटाळले, पैसे देऊन चालवलेली मोहीम आहे म्हणाले. पण उसाचा शेतकरी आणि मध्यमवर्गीय गाडीवाला हे त्यांचे दोन्ही चाहते पहिल्यांदाच समोरासमोर आले. हे मला त्या आरोपांपेक्षा जड वाटतं.

मतमोजणी
राजकारणाचं थोडक्यात. नागपूरचं मताधिक्य: 2014 ला 2.84 लाख, 2019 ला 2.16 लाख, 2024 ला 1.37 लाख. जागा पक्की, पण उतार दिसतोय. 2009 ते 13 पक्षाध्यक्ष होते, त्यांच्या पूर्ती उद्योगसमूहावरच्या आरोपांच्या गदारोळात दुसरी टर्म हुकली. ऑगस्ट 2022 ला संसदीय मंडळातूनही नाव गेलं. संघाशी जवळीक आणि विरोधकांतले मित्र ही पुंजी खरी, पण पक्षात तिकीट वाटायचा अधिकार नाही. "पंतप्रधान होणार काय" ही चर्चा मतदारसंघाबाहेरच जास्त चालते.

सगळ्यात दुखरी जागा अपघात. 2024 पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणाले होते, 2022 ला 1.68 लाख झाले, 2023 ला त्याहून जास्त. डिसेंबर 2024 ला लोकसभेत स्वतःच अपयश कबूल केलं. असा मंत्री विरळा, पण कबुलीनं वळणं सरळ होत नाहीत.

खानापूर_लोंढा
धन्यवाद. बेळगाव-खानापूर रस्त्यावर गणेबैलला टोल फाडायचा, तरी खानापूरच्या पुढं रामनगर-अनमोडला काम वनखात्याच्या परवानगीत अडकलं, असं का होतं ते आता कळलं. एक राहिलं. मराठी माणूस म्हणून सीमाप्रश्नावर त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवायची काय?

मतमोजणी
नको. दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. 2024 ला कर्नाटकातल्या 28 पैकी 17 जागा भाजपच्या, त्यात बेळगाव आणि खानापूर ज्यात येतं ती उत्तर कन्नडही. एवढ्या जागा पणाला लावून दिल्लीतला कुठलाही नेता इथं येऊन तोंड उघडणार नाही, मग तो मराठी असो नाहीतर कानडी.

शिवार_शहापूर
रस्त्याचं तरी धरा. खासदाराला निवेदन देताना "काम कधी होणार" विचारू नका, "लवकरच" हेच उत्तर येतं. तीनच गोष्टी लेखी मागा: अपॉइंटेड डेट (करारानं काम सुरू झाल्याची अधिकृत तारीख) कुठली, जमीन किती टक्के ताब्यात आहे, कंत्राटदाराला आजवर मुदतवाढ किती आणि कशासाठी दिली. जमिनीच्या ताब्याचा आकडा 80 च्या खाली असेल तर भूमिपूजनाचा फोटो झाला तरी यंदाच्या पावसाळ्याआधी डांबर बघायला मिळत नाही.