शब्दचर्चा : 'समाजसेवक', 'सामाजिक कार्यकर्ता' की 'समाजकार्यकर्ता'?

प्रश्न : बाल न्याय मंडळाविषयीच्या (कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे हाताळणाऱ्या मंडळाविषयीच्या) एका लेखाच्या भाषांतरात मी 'मंडळावर दोन समाजसेवक असतात' असे लिहिले होते. संपादकांनी 'समाजसेवक' खोडून 'सामाजिक कार्यकर्ता' केले. या दोन शब्दांत खरोखरच काही फरक आहे काय?

उत्तर १ : फरक आहे. 'समाजसेवक' या शब्दात सेवाभाव, विनामोबदला केलेले काम आणि अलीकडे चौकाचौकांतील वाढदिवसाचे फलक एवढे सगळे मिसळले आहे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात बाल न्यायालयाच्या मदतीला दोन मानसेवी समाजसेवकांचे पथक असे, त्यामुळे त्या काळापुरता हा शब्द शोभत होता. २००० च्या कायद्याने न्यायालयाच्या जागी मंडळ आणले आणि ही दोन माणसे मदतनिसाच्या खुर्चीवरून न्यायपीठावर येऊन बसली. २०१५ च्या कायद्यातही तीच रचना आहे: एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सदस्य, त्यांपैकी किमान एक स्त्री. मतभेद झाल्यास बहुमताने निर्णय होतो. बहुमतच नसेल, तर प्रधान दंडाधिकाऱ्यांचे मत ग्राह्य धरले जाते. ज्याच्या मताने निकाल बदलू शकतो त्याला 'सेवक' म्हणणे मला पटत नाही. माझ्या मते तेथे 'समाजकार्यकर्ता' हा शब्द हवा, कारण समाजकार्य ही आता स्वतंत्र विद्याशाखा आहे.

उत्तर २ : शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. कायदा समाजकार्याची पदवी मागतच नाही. बालकांचे आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण यांसाठी किमान सात वर्षे सक्रिय काम केलेली व्यक्ती, अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा विधी यांतील पदवी असलेली व्यावसायिक व्यक्ती, अशी ती पात्रता आहे. 'समाजकार्यकर्ता' लिहिले, तर वस्तीत सात वर्षे मुलांची शाळा चालवणारी बाई वाचकाच्या डोळ्यांपुढून नाहीशी होते. संपादकांचा शब्द बरोबर आहे. मात्र त्यापुढे 'सदस्य' जोडावे. कारण बालकाला प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत द्यावयाचा सामाजिक तपासणी अहवाल (मुलाच्या घरच्या आणि भोवतालच्या परिस्थितीचा अहवाल) एरवी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) लिहितो; तो नसल्यास बालकल्याण अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ताही तयार करू शकतो. तो अहवाल लिहिणारा आणि तो वाचून मत देणारा, दोघांना एकच नाव पडले तर वाचक गोंधळणारच.

जाता जाता : 'परिवीक्षा' हा शब्द अवघड वाटतो खरा, पण 'परि' म्हणजे सभोवार आणि 'वीक्षा' म्हणजे पाहणे. मुलाचे घर, शाळा, सोबती, आईवडिलांचे काम असे चहूबाजूंनी पाहण्याला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. नोकरीतल्या 'परिवीक्षाधीन कालावधी'मुळे तो उगाच कोरडा झाला आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. त्याच लेखात मी 'बालगुन्हेगार' आणि 'आरोपी मुलगा' हेही लिहिले आहे.

उत्तर २ : तेही बदला. आरोप करणारी भाषा बालकाच्या प्रकरणात वापरू नये, हे २०१५ च्या कायद्याच्या कलम ३ मधील तत्त्वच आहे. त्यांऐवजी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' लिहा, म्हणजे कायदा मोडल्याचा आरोप असलेले किंवा तो मोडल्याचे आढळलेले मूल. हा शब्द जिभेला जड आहे हे मान्य. दुसऱ्या उल्लेखापासून नुसते 'बालक' लिहिले तरी चालते. आणि मंडळावर किमान एक स्त्री असतेच, तेव्हा जिथे उल्लेख तिचा आहे तिथे 'कार्यकर्ती' लिहायला विसरू नका.