व्यसन, सवय की अवलंबित्व? गोळ्यांबद्दल लिहिताना अडलेला शब्द

शेवंती (म्हापसा): झोपेच्या गोळीवर, म्हणजे अल्प्राझोलामवर, मी सहा वर्षं होते, आता बंद होऊन दोन वर्षं झाली. ते सगळं लिहायला घेतलंय पण पहिल्याच पानावर अडलेय. व्यसन लिहिलं की वाचणाऱ्याला सोरो, म्हणजे दारू, आठवतो, आणि माझी गोळी तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची. अवलंबित्व लिहिलं की परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. काय लिहू?

जुनी पाटी: हा घोळ डॉक्टरांनाही होताच. 1964 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने व्यसन आणि सवय हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून 'ड्रग डिपेंडन्स' सुचवला, आपलं अवलंबित्व त्याचंच भाषांतर. शरीराला औषध लागायला लागणं वेगळं आणि नुकसान कळत असूनही त्याच्या मागे धावणं वेगळं, व्यसन म्हणजे हे दुसरं. तशी संस्कृतात व्यसनाला संकट असाही अर्थ आहे, पण आज कोण तसं वाचतं!

मांडवीकाठ: माझं मत, नाम शोधूच नका, क्रियापद बघा. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, व्यसनसुद्धा लागतंच, 'मला लागलं' म्हणताना माणूस करणारा नसतो, त्याच्यावर येऊन पडलेलं असतं. घोळ होतो तो 'व्यसनी' म्हटल्यावर, तिथे ते माणसालाच चिकटतं.

शेवंती: हे पटलं. आई तर साधं म्हणायची, 'तुका गुळयांची संवय जाल्या', आणि मला राग यायचा, सवय तर चहाची असते! अजून एक, 'गोळ्या सोडल्या' लिहू की 'सुटल्या'? सोडल्या म्हटलं तर एका दिवसात फेकून दिल्यासारखं वाटतं, आणि तसं करायचंच नसतं, एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी आठ महिने लावून कमी केली. सुटल्या म्हटलं तर माझे कष्टच गेले.

जुनी पाटी: 'सोडवून घेतलं' लिहा की, वेळ आणि कष्ट दोन्ही येतात त्यात. आणि फार्मसीतलं रजिस्टर विसरू नका, 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच1 या सरकारी यादीतल्या औषधांना पेशंटचं नाव लिहून ठेवावं लागतं, यादीत अल्प्राझोलाम आहे. आपलं नाव त्या वहीत उतरताना बघणं, ते लिहाच.

शेवंती: अहो तेच तर! काउंटरवरचा मुलगा ओळखीचा, तो नाव विचारायचासुद्धा नाही, आपणच लिहायचा.

मांडवीकाठ: आणि ते कमी करणं, टेपरिंग, त्याला काय लिहिताय?

शेवंती: घरी आम्ही अर्धी, मग चतकोर म्हणायचो, भाकरीसारखं. आई सुरीने कापून द्यायची आणि उरलेले तुकडे डबीत ठेवायची. त्या प्रकरणाचं नाव 'चतकोर' ठेवतेय.