इनलाइन पंपाचे डिझेल वाढवण्याआधी एक्झॉस्टचे तापमान मोजणे बंधनकारक मानावे का?

घाटवळण (धागाकर्ता)

कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून जादा हवा भरणारे यंत्र) इंजिन असलेले टाटा १६१३ टीसीसारखे जुने ट्रक आजही जांभ्याचा चिरा, वीट आणि ऊस वाहताना दिसतात. चढाला गाडी ओढत नाही, अशी तक्रार घेऊन मालक पंप-नोझलच्या कारागिराकडे जातो. कारागीर इनलाइन पंपाचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल देणारे एलिमेंट एका ओळीत असलेल्या पंपाचे, सील तोडून कमाल डिझेलचा स्क्रू थोडा फिरवतो. आणि कुंभार्ली घाटात गाडी पूर्वीपेक्षा एक गिअर वर चढू लागली की दोघेही समाधानी होतात. इंजिनातून बाहेर पडणारा वायू किती तापला, हे मात्र कोणीच पाहत नाही.

माझे मत असे की, ज्याला डिझेल वाढवायचे आहे त्याने आधी टर्बोच्या अलीकडे, म्हणजे इंजिन आणि टर्बो यांच्या मध्ये, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवून घ्यावे, जुन्या सेटिंगवर भरलेली गाडी घाटात चालवून आकडे लिहून ठेवावेत आणि मगच स्क्रूला हात लावू द्यावा.

या इंजिनात हवेला अडवणारी झडप नसते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा तो फक्त डिझेल वाढवत असतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा पुरते, पण डिझेल आणि हवा सिलिंडरमध्ये क्षणार्धात एकजीव होऊ शकत नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा लागते. ही शिलकीची हवा जसजशी कमी होते तसतसे एक्झॉस्टचे तापमान चढते, धूर काळा होतो आणि वाढवलेल्या डिझेलचा मोठा भाग ओढीच्या कामी न येता सायलेन्सरवाटे निघून जातो. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा हे सांगत नाही, कारण तो हलायला काही मिनिटे लागतात आणि तोवर पिस्टनच्या माथ्याने व टर्बोच्या चाकाने तो ताप सोसलेला असतो. के प्रकारचे थर्मोकपल तोच बदल काही सेकंदांत दाखवते, आणि मीटरसह त्याचा खर्च ट्रकच्या एका नव्या टायरपेक्षा कमी येतो.

भरलेल्या ट्रकला सलग चढावर टर्बोच्या अलीकडे ६५० अंश सेल्सिअस ही मी वरची मर्यादा मानतो. यावर मतभेद असणार, म्हणूनच धागा काढला आहे.

पंपरूम

आपला हेतू चांगला आहे, परंतु आपण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली आहे, असे पंप कॅलिब्रेशनचे काम करणारा म्हणून मला वाटते. टेस्ट बेंचवर प्रत्येक एलिमेंट ठरावीक आरपीएमला हजार स्ट्रोकमागे किती घनसेंटिमीटर डिझेल देतो हे मोजून, सहाही एलिमेंट एकमेकांशी जुळवून, मगच सील लावले जाते. गाडीवरच स्क्रू फिरवणारा माणूस हा सगळा हिशेब मोडीत काढतो, आणि त्याला मीटर दिल्याने ते काम शास्त्रशुद्ध होत नाही. उलट माझा अनुभव असा आहे की, मीटर लागले की मालकाच्या डोक्यात ‘अजून पन्नास अंश शिल्लक आहेत’ हा विचार सुरू होतो आणि स्क्रू पुन्हा फिरतो.

मुळात ‘ओढत नाही’ म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना जास्त डिझेलची गरजच नसते. एअर फिल्टर चोंदलेला असतो, फीड पंप कमकुवत झालेला असतो, इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटलेला असतो, किंवा टर्बोचा दाब पंपावरच्या डायफ्रामपर्यंत (त्या दाबानुसार डिझेल कमी-जास्त करणाऱ्या पडद्यापर्यंत) नेणारी बारीक नळी गळत असते आणि त्यामुळे पंप पूर्ण डिझेल सोडतच नाही. या शेवटच्या दोषावर स्क्रू फिरवला आणि पुढे कधीतरी ती नळी दुरुस्त झाली, तर त्या इंजिनाचे काय होईल, याची कल्पना आपणच करावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पंपाचे टायमिंग पुढे घेतले, म्हणजे डिझेल लवकर फवारले, तर एक्झॉस्टचे तापमान उतरते, पण सिलिंडरमधला कमाल दाब वाढतो आणि हेड गॅस्केट व बेअरिंगवर ताण येतो. मीटरवर ५८० दिसत असताना हेड गॅस्केट उडू शकते. त्याशिवाय टर्बोच्या तोंडाशी बसवलेले थर्मोकपल अनेक सिलिंडरच्या वायूची सरासरी दाखवते. एकाच सिलिंडरचे नोझल गळत असेल आणि तोच पिस्टन जळत असेल, तर ते त्या सरासरीत लपून जाते.

घाटवळण

टायमिंगचा आणि गळक्या नोझलचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कमी तापमान म्हणजे सुरक्षित इंजिन, असे मी कुठेही म्हटलेले नाही आणि तसे समजणे धोक्याचे आहे. पण फिल्टर, होज आणि फीड पंप यांची जी यादी आपण दिली, तिच्यामुळे माझीच बाजू बळकट होते. त्याच घाटात, तेवढ्याच वजनाला, गेल्या महिन्यात ५९० दिसत होते आणि आज ६५० दिसत आहेत, तर हवेच्या वाटेत काहीतरी बिघडले आहे, हे होज पूर्ण फाटण्याआधीच कळते. म्हणून तर जुन्या सेटिंगचे आकडे आधी लिहून ठेवा, असे मी म्हटले. आणि मालकाच्या हव्यासाचे म्हणाल, तर मीटर नसतानाही तो स्क्रू फिरवून घेतोच, फक्त आंधळेपणाने.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहतो. इथल्या डॉज रॅम पिकअपमध्ये १९८९ पासून याच कुळातले ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन मिळू लागले, आणि १९९४ ते १९९८ या काळातल्या गाड्यांवरचा बॉशचा पी ७१०० इनलाइन पंप हौशी मंडळींचा फार लाडका आहे. या मंडळींमध्ये टर्बोच्या अलीकडे १,२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७५ अंश सेल्सिअस, हा आकडा पाठ झालेला आहे. धागाकर्त्यांचे ६५० याच्या जवळपास आहेत, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

तो आकडा रूढ झाला तो अशा गाड्यांवर, ज्या बहुतेक वेळ रिकाम्या फिरतात आणि ज्यांच्यावर पूर्ण ताकद काही सेकंदच मागितली जाते. पिस्टनच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा वितळणबिंदू ६०० अंशांच्या अलीकडे-पलीकडेच असतो, तरीही ७०० अंशांच्या वायूत पिस्टन टिकतो, याचे कारण इतकेच की तो ताप प्रत्येक चक्रात थोडा वेळ लागतो आणि खालून तेलाने उष्णता काढून घेतली जाते. सोळा टनांचा ट्रक वीस मिनिटे तळाच्या गिअरमध्ये घाट चढतो, तेव्हा पिस्टन, हेड आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला वायू टर्बोपर्यंत नेणारा बिडाचा भाग) हे सर्व आतपर्यंत तापून निघतात. तिथे मी ६०० च्या वर सलग जाणार नाही. आकडा उसना घेताना तो कोणत्या कामाचा आहे, हे आधी पाहावे.

खडी-वाळू

आतापर्यंतची सगळी चर्चा इंजिनाविषयी झाली, पण माझे दोन ट्रक आहेत आणि माझी अडचण वेगळी आहे. मीटर पाहणार कोण? गाडी मी चालवत नाही. चालकाला फेरीवर पैसे मिळतात. त्याला वेळेवर पोहोचायचे असते, आणि काटा लाल पट्ट्यात गेला म्हणून पाय सैल करण्याचा त्याला काहीही फायदा नाही. उद्या पिस्टन गेला तर ‘मीटर असून पाहिले नाहीस’ असा ठपका मात्र त्याच्यावर येईल, म्हणून माझ्या एका चालकाने मीटर लावूच नका, असे मला तोंडावर सांगितले. त्याचे म्हणणे मला खोटे वाटत नाही.

तरीही मी एका गाडीला मीटर लावले, आणि त्याचा उपयोग डिझेल वाढवण्यासाठी नव्हे, तर गिअर बदलण्याची सवय मोडण्यासाठी झाला. आपल्याकडे वरच्या गिअरमध्ये इंजिन दमेपर्यंत ओढत राहणे म्हणजे डिझेल वाचवणे, असा समज आहे. कमी आरपीएमला टर्बो पुरेशी हवा देत नाही आणि पंप मात्र डिझेल ओततच राहतो, त्यामुळे तापमान तिथेच सर्वांत जास्त चढते. गिअर पाडून इंजिन दीड-पावणेदोन हजारांवर आणले की काटा आपोआप खाली येतो, हे चालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेव्हाच त्याला पटले. मी सांगून पटले नव्हते.

पीयूसीवाला

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. जुन्या डिझेल वाहनांसाठी धुराची मर्यादा प्रकाश-शोषण गुणांकात (धूर किती प्रकाश अडवतो, या मापात) २.४५ प्रतिमीटर आणि बीएस-४ (प्रदूषणाच्या चौथ्या टप्प्याचे निकष पाळणाऱ्या) वाहनांसाठी १.६२ प्रतिमीटर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. आमच्या चाचणीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला जातो, त्यामुळे टर्बोचा पूर्ण दाब तयार होत नाही आणि डायफ्रामही पूर्ण डिझेल सोडत नाही. म्हणून आमच्याकडे पास झालेली गाडी आंबा घाटात काळा लोट सोडताना दिसते. धागाकर्त्यांना तापमानाची जेवढी काळजी आहे, तेवढी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची असल्याचे त्यांच्या लेखनात दिसले नाही.

घाटवळण

हा आक्षेप रास्त आहे. पण तापमान आणि धूर हे एकाच कारणाचे, म्हणजे हवा अपुरी पडण्याचे, परिणाम आहेत. तापमानाला मर्यादा घातली की धुरालाही बऱ्याच अंशी मर्यादा पडते.

नवीगाडी

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकवाल्यांनी यातले काहीही करू नये. त्या गाड्यांत एक्झॉस्टच्या तापमानाचे सेन्सर मुळातच असतात, कारण काजळीचा फिल्टर स्वच्छ करण्यासाठी गाडी स्वतःच तापमान ६०० च्या आसपास नेते.

पंपरूम

माझा मूळ विरोध कायम आहे: मीटर असो वा नसो, निर्मात्याच्या आकड्याच्या वर मी पंप बांधणार नाही. मात्र निदानासाठी मीटर ही ‘घाटवळण’ यांनी सांगितलेली बाजू मला पटते, आणि तेवढ्यासाठी कोणी बसवून घेणार असेल, तर दोन गोष्टी सांगतो. टर्बोच्या पलीकडे सायलेन्सरच्या पाइपात थर्मोकपल बसवणे सोपे असते, पण टर्बो वायूतली ऊर्जा काढून घेत असल्यामुळे लोडवर तिथला आकडा शंभर अंशांनी किंवा त्याहूनही कमी दिसतो आणि हा फरक सतत बदलत राहतो. म्हणून जागा मॅनिफोल्डवरच निवडावी. टर्बोचे तोंड दुभागलेले असेल, तर एका बाजूला तीनच सिलिंडर कळतील, हे ध्यानात ठेवावे. आणि मॅनिफोल्डला भोक पाडताना टर्बो उतरवूनच पाडावे. ड्रिलला ग्रीस लावले की कीस आत जात नाही, असे सांगणारे कारागीर भेटतात, पण बिडाचा एक कण टर्बोच्या चाकावर आदळला, तर मीटरने जे वाचवायचे होते तेच आधी जाईल.