फिट्सची वही

भावाला अपस्मार, म्हणजे फिट्स येण्याचा आजार, असल्याचं कळल्यापासून नेटवर वाचून भीतीच वाढतेय, असं तुम्ही लिहिलंयत. बहिणीच्या वेळी आमचंही अगदी हेच झालं होतं. इंटरनॅशनल ब्यूरो फॉर एपिलेप्सी ही रुग्ण-कुटुंबीयांच्या संघटनांची संस्था १९६१ पासून आहे. तिच्या सदस्य संघटनांच्या यादीतून जवळचा स्वमदत गट, म्हणजे एकमेकांना आधार देणाऱ्या रुग्ण-कुटुंबीयांचा गट, शोधता येतो. डोस, दुष्परिणाम हे डॉक्टरांनाच विचारा. पण 'नोकरीच्या ठिकाणी सांगायचं का?' हे मात्र त्यातून गेलेल्यांनाच विचारावं.

आम्ही एक वही ठेवली होती. फिट कधी आली, किती वेळ टिकली, आदल्या रात्री झोप किती, गोळी चुकली होती का. आमच्या लांबलचक वर्णनापेक्षा डॉक्टरांनी ती वहीच जास्त वेळ वाचली! फिटचं मोबाइलवर चित्रणही उपयोगी पडतं, पण ते दुसऱ्या कुणीतरी करावं. तुम्ही त्याला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा वगैरे अजिबात घालू नका, हातपाय दाबून धरू नका. ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर सरळ रुग्णवाहिका बोलवा.

भाऊ शिकतोय की नोकरीत आहे? तिथल्या एका मित्राला तरी एवढं सांगून ठेवा.