चवथीच्या देखाव्यातील ‘समुद्री चाचे’ तक्त्याबद्दल

सी-२०३: नमस्कार. मुलांनी रंगवलेला तक्ता तळमजल्यावर पाहिला. चित्रे सुरेख आहेत. परंतु सतराव्या शतकातील चाचा म्हणून गाजलेल्या कॅप्टन किडच्या शेजारी, डोळ्यावर तशीच काळी पट्टी बांधून कान्होजी आंग्रे उभे केले आहेत, त्यास माझी हरकत आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज या किनाऱ्यावरील गलबतांना ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यायला भाग पाडत आणि तो नसलेले जहाज मालासकट जप्त करत. कान्होजींनी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, या नात्याने स्वतःचे दस्तक देऊन हाच नियम परक्यांच्या जहाजांना लावला, तेव्हा मात्र ते चाचे ठरले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजींच्या अलिबागजवळील कुलाबा किल्ल्यावर चाल केली, तरी तो किल्ला त्यांच्या हाती लागला नाही. लुटारूंच्या साध्या टोळीसाठी दोन सत्तांना एकत्र यावे लागत नाही.

ए-१०४: काका, आपले म्हणणे पटले. मग किडचे चित्र ठेवायचे ना? मुलांना पुरलेल्या खजिन्याची गोष्ट फार आवडली आहे.

सी-२०३: अवश्य ठेवा, पण हकिगत पुरी लिहा. त्याच्याकडे चाचे आणि फ्रेंच जहाजे पकडण्याची इंग्लंडच्या राजाची सनद होती. १६९७ मध्ये तो कारवारला आला, तेव्हा गोव्याहून निघालेल्या दोन पोर्तुगीज जहाजांशी त्याची चकमक झाली. पुढच्या वर्षी त्याने पकडलेल्या ‘क्वेदा मर्चंट’ जहाजावर फ्रेंच परवाने होते आणि त्याचा सारा बचाव त्यांवरच उभा होता. चाचेगिरीच्या खटल्यात ते पुढे आलेच नाहीत, १७०१ मध्ये त्याला फाशी झाली आणि ते कागद विसाव्या शतकात लंडनच्या दप्तरात सापडले. न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर त्याने पुरलेला ऐवज तर १६९९ मध्येच सरकारने उकरून नेला होता. तरीही लोक अजून खणत असतात.

बी-३०१: आपल्या गोव्याशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध, तो होनावरचा समुद्री सरदार तिमोजा तक्त्यावर नाही, याचे मला वाईट वाटते. १४९८ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटापाशी त्याच्या नौका दिसताच वास्को द गामाने त्यांच्यावर तोफा डागल्या. १५१० मध्ये मात्र त्याच्याच सल्ल्यावरून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने आपले आरमार गोव्याकडे वळवले.

सी-२०३: सूचना योग्य आहे. त्याच्या चित्राखाली ही दोन्ही साले लिहू, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या हाती सनद कोणाची होती, तेही नोंदवू. कान्होजींचे चित्र मुलांनी नव्याने काढावे. रंग मी आणून देतो.